फ्रँकफर्ट ते मिरज

संपादकबाईंनी फोनवर सांगितलं, "शीलाताई, विमानप्रवासाच्या धंद्यातल्या तुमच्या गोड आठवणी लिहा." गोड पाहिजे असेल तर हलवायाकडे जावं. माझी सगळी नोकरी दिल्लीत आणि मग गुडगावात ट्रॅव्हल एजन्सीच्या टेबलामागे गेली, आणि त्या टेबलासमोर बसलेल्या माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं झालेलं नाही. तेव्हा जे आहे ते लिहिते.

माझे वडील नगरहून सरकारी नोकरीत दिल्लीला आले, मी इथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढले. घरात मराठी, गल्लीत हिंदी, ऑफिसात इंग्रजी. आमची एजन्सी पहिल्यांदा कॅनॉट प्लेसला एका जिन्यावर होती. मग देशात उदारीकरणाचं वारं आलं, परदेशी कंपन्या गुडगावात उतरल्या आणि आमचे मालक चोप्रासाहेब त्यांच्या मागोमाग तिकडे गेले. तेव्हाचं गुडगाव म्हणजे काचेच्या चारपाच इमारती आणि त्यांच्यामध्ये मोहरीची शेतं. इमारतीत चार लिफ्ट, पण खाली रस्त्याला गटार नाही. पाऊस पडला की काचेच्या इमारतीतली साहेबमंडळी बूट हातात घेऊन ट्रॅक्टरवरून गाडीपर्यंत जायची. वर आली की मला विचारायची, लंडनला कमीत कमी किती वेळात पोचता येईल.

माझं काम रूटिंगचं. म्हणजे अमुक शहरातून तमुक शहरात माणसाला कुठल्या विमानाने, कुठे बदलून, किती वेळात न्यायचं ते जुळवणं. बाहेरच्यांना वाटतं त्यात काय, दोन गावांमधलं अंतर घ्यायचं, विमानाच्या वेगाने भागायचं, झालं. तसं नसतं. हवेतला वेळ हा सगळ्यांत भरवशाचा भाग. त्याच्या आधी घरापासून विमानतळ, मग रांगा, मग मधल्या गावी दुसरं विमान पकडायला लागणारा वेळ, मग सामान, मग कस्टम, मग तिथला रस्ता. विमान सात तासांत समुद्र ओलांडतं आणि माणूस टॅक्सीत बसून तासभर टोलनाक्यावर शिव्या देतो. पण लोकांना ते ऐकायचं नसतं. त्यांना एक आकडा हवा असतो, तोही लहान.

एक मोठे अधिकारी माझ्या टेबलामागच्या नकाशावर पट्टी ठेवून उभे राहिले. "दिल्ली यहाँ, न्यूयॉर्क यहाँ. सीधी लाइन. तो आपका जहाज ऊपर बर्फ में क्यों जाता है?" पृथ्वी गोल आहे, कागदावर सरळ दिसणारी रेघ गोळ्यावर लांबची पडते आणि वरून वाकडा दिसणारा रस्ताच जवळचा, हे मी त्यांना समजावलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू ही बातमी त्यांना आधी कंपनीच्या परिपत्रकातून कळायला हवी होती.

दुसऱ्या एका बाईंना संशय होता, की लंडनला जाताना नऊ तास आणि येताना आठ, याचा अर्थ जाताना शिकाऊ पायलट देतात. वर आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, जाताना तो तोंडावर येतो आणि येताना पाठीवर, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "तो फिर विंड के अगेन्स्ट वाली सीट मत देना."

आणि एक बिल्डर. त्याला आपल्या नव्या टॉवरच्या जाहिरातीत 'विमानतळापासून दहा मिनिटं' असं छापायचं होतं आणि त्याखाली आमच्या एजन्सीचं नाव हवं होतं, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल. मी विचारलं, दहा मिनिटं कशी मोजली? तो म्हणाला, होळीच्या दिवशी सकाळी गाडी पळवली. चोप्रासाहेबांनी नाव देऊन टाकलं. त्या टॉवरमध्ये घर घेतलेल्या किती जणांची विमानं चुकली हे मला माहीत आहे, कारण दुसऱ्या विमानात जागा मिळवायला ते माझ्याकडेच यायचे.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. सलीमची गोष्ट तशी नाही.

सलीम मुजावर मिरजेचा. गुडगावच्या पुढे मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तंत्रज्ञ होता. मानेसर तेव्हा नुकतं उभं राहत होतं. पोरं कंपनीच्या बसमधून जायची, एका खोलीत चारचार जण राहायची. सलीम तिशीतला, शांत, जर्मनीत दोनदा प्रशिक्षणाला जाऊन आलेला. दोन्ही वेळा तिकीट माझ्याकडून गेलं. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याला एवढा आनंद झाला, की पुढच्या खेपेला तो मिरजेहून माझ्यासाठी घरचा भडंग घेऊन आला. घरी वडील आणि धाकटी बहीण शबाना. वडील रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते, निवृत्त झालेले. परदेशी जाताना सलीम घरी आमच्या ऑफिसचा नंबर देऊन ठेवायचा, कारण कंपनीच्या ऑपरेटरला मराठी यायची नाही आणि शबानाला हिंदीत बोलायची लाज वाटायची.

एके वर्षी कंपनीचं एक मोठं यंत्र बंद पडलं. त्यातला पितळी डब्याएवढा एक भाग मोडला होता आणि तो फक्त जर्मनीतल्या कारखान्यात मिळत होता. अशा वेळी कंपन्या मालवाहू विमानाची वाट बघत नाहीत. एका माणसाला पाठवतात, तो भाग पेटीत घालून त्याच्या हातात देतात आणि पहिल्या विमानाने परत बोलावतात. माणूस म्हणजे पेटीला फुटलेले पाय. सलीमला जर्मन थोडंफार यायचं, म्हणून सलीम गेला. जाताना ऑफिसात आला आणि म्हणाला, "मॅडम, या वेळी फिरायला वेळच नाही. गेलो की आलोच."

परतीच्या दिवशी दुपारी कंपनीच्या मेहरासाहेबांचा फोन आला. मेहरासाहेब मालाच्या वाहतुकीचे मुख्य. आवाज नेहमी असा, की समोरच्याने त्यांचं काहीतरी सांडलंय.

"शीलाजी, सलीम की फ्लाइट टाइम पे है ना?"

"जी सर."

"गुड. सुनो, उसके घर से कोई फोन आए तो उस तक पहुँचाना मत. फादर की तबीयत का कुछ है. यहाँ आकर पार्ट दे दे, फिर हम बता देंगे."

"तबीयत कितनी खराब है, सर?"

"अरे, बूढ़े लोगों का चलता रहता है."

फोन ठेवला आणि थोड्या वेळाने शबानाचा आला. मिरजेच्या एसटीडी बूथवरून बोलत होती, मागे गाड्यांचे भोंगे.

"ताई, मी सलीमभाईंची बहीण. अब्बांना परत झटका आला. दवाखान्यात नेलंय. डॉक्टर म्हणतात, ज्याला कुणाला बोलवायचं त्याला बोलवून घ्या." तिचा आवाज फाटला. "कंपनीत फोन केला होता. ते म्हणाले, निरोप देतो. दिला का हो त्यांनी?"

मी म्हटलं, "तो कुठे आहे ते मला माहीत आहे. मी बघते."

मी कागद पुढे ओढला आणि रस्ता मांडायला बसले. फ्रँकफर्टहून दिल्ली साधारण साडेसात तास. मग कस्टम, मग मानेसर, पेटी हवाली करायची, मग मेहरासाहेबांना सवड होईल तेव्हा बातमी, मग परत विमानतळ, मुंबई किंवा पुणे, आणि तिथून रस्त्याने मिरज. परवाच्या आत काही तो पोचत नव्हता. पण फ्रँकफर्टहून मुंबई म्हणजे दिल्लीपेक्षा जेमतेम चारेकशे किलोमीटर जास्त. अर्धापाऊण तासाचा फरक. त्या दिवशी मुंबईचंही विमान होतं आणि ते दिल्लीच्या विमानाआधी सुटत होतं. मुंबईला उतरून त्याने थेट गाडी केली असती तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो वडिलांजवळ असता. पेटीचंही अवघड नव्हतं. आमच्या मुंबई शाखेतले फर्नांडिस विमानतळावर ती घेऊन सकाळच्या विमानाने दिल्लीला आणू शकले असते.

मी मेहरासाहेबांना फोन लावून हे सगळं सांगितलं. वाटलं होतं, ऐकतील. पेटीला अर्धा दिवस उशीर, एवढंच.

"हाफ डे?" ते ओरडले. "मॅडम, प्रोडक्शन लाइन बंद है. आपको पता है लाइन बंद होने का मतलब?"

"सर, उसके फादर..."

"ये इमोशन का टाइम नहीं है." आणि त्यांनी लगेच चोप्रासाहेबांना फोन केला असणार, कारण मला केबिनमध्ये बोलावणं आलं.

चोप्रासाहेब माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाइकाचा फोन आला की त्याचा कणा विरघळायचा. म्हणाले, "शीला, क्लायंट ने बोला नहीं बताना, तो नहीं बताना. हम टिकट बेचते हैं, टेलिग्राम नहीं."

"सर, उसका बाप मर रहा है."

"तो क्या तुम बचा लोगी?"

मी बाहेर आले, जागेवर बसले आणि मुंबईच्या विमानात सलीमच्या नावाने एक जागा धरली. दिल्लीची तशीच राहू दिली. मग विमान कंपनीच्या दिल्ली ऑफिसातून फ्रँकफर्टच्या काउंटरला संदेश पाठवायला लावला, की या प्रवाशाने विमानात बसण्याआधी त्याच्या एजंटला फोन करावा. असे संदेश आम्ही नेहमी पाठवायचो. कुणाचा पासपोर्ट विसरला, कुणाची सासू. त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते एवढंच, की मला तसं न करण्याची आज्ञा होती आणि माझ्या घरी तेव्हा कमावणारी मी एकटी होते.

फोनची वाट बघत बसले तर समोर एक नवं लग्न झालेलं जोडपं येऊन बसलं. त्यांना मधुचंद्राला अशा ठिकाणी जायचं होतं, जिथे विमानात एक सिनेमा बघून संपेल पण दुसरा सुरू होणार नाही. मी त्यांना मॉरिशस, सिंगापूर, काय काय सांगत होते. नवरा म्हणाला, "सिंगापूर में दूसरी मूवी आधी रह जाएगी." तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, सलीम बोलतोय. काउंटरवर चिठ्ठी दिली. फ्लाइट कॅन्सल झाली का?"

"नाही. सलीम, अब्बांची तब्येत फार बिघडली आहे. शबानाचा फोन होता. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलवायला सांगितलंय."

पलीकडे विमानतळावरची जर्मन घोषणा ऐकू येत राहिली. ती संपली.

"आहेत ना पण?"

"तिने फोन केला तेव्हा होते."

"मेहरासाहेबांना माहीत आहे?"

"आहे."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला, मला कळवा म्हणून?"

"नाही."

मग म्हणाला, "पेटी आहे माझ्याकडे."

मी त्याला दोन्ही रस्ते सांगितले. दिल्लीला आलास तर पेटी वेळेवर, तू मिरजेला परवा. मुंबईला गेलास तर तू उद्या दुपारी, पेटी उद्या संध्याकाळी. नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

"तुम्ही काय केलं असतं, ताई?" आत्तापर्यंत तो मला मॅडम म्हणायचा.

"माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होते. त्यामुळे मला हे ठरवावं लागलं नाही. तू ठरव. दोन्हीकडे जागा आहे. मुंबईचं विमान आधी सुटतं."

"मुंबई," तो म्हणाला आणि रडायला लागला. मी म्हटलं, "आधी काउंटरवर जा, तिकीट बदलून घे, रडायचं ते विमानात." समोरचं जोडपं माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होतं. त्यांना वाटलं असेल, ही बाई सगळ्याच गिऱ्हाइकांशी अशीच बोलते.

पुढचं सांगताना मला अजून चीड येते.

मुंबईच्या कस्टमला सलीमने स्वतः उभं राहून पेटी सोडवली, फर्नांडिसच्या हातात दिली, सही घेतली आणि मगच गाडीत बसला. फर्नांडिस सकाळच्या विमानाने निघाले ते दोन तासांत दिल्लीला. इथपर्यंत ठीक. मग विमानतळावरून मानेसरला निघाले तर हमरस्त्यावर एक ट्रेलर आडवा पडलेला. कंपनीने पाठवलेली वातानुकूलित गाडी, आत तो जर्मन भाग मांडीवर घेऊन बसलेले फर्नांडिस, आणि बाजूने उंटगाड्या पुढे चाललेल्या. मेहरासाहेब दर थोड्या वेळाने मला फोन करून ओरडत होते, "आपकी वजह से लाइन बंद है! आपकी वजह से!"

पेटी पोचली. फर्नांडिसनी मला कारखान्याच्या गेटवरून फोन केला. साधा, सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, पार्ट दिला. पण हे लोक तो लावत नाहीयेत."

"का?"

"आत रंगकाम चाललंय. त्यांचा कुणी परदेशातला चेअरमन येणार आहे. मशिनवर प्लॅस्टिक गुंडाळलंय, रंग उडू नये म्हणून. पार्ट साहेबांच्या कपाटात ठेवला. म्हणाले, चेअरमन जाऊ देत, मग बघू."

ज्या यंत्रासाठी एका माणसाला त्याचा बाप मरतोय हे कळू द्यायचं नव्हतं, ते यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं. आणि मेहरासाहेबांना रंगकामाची तारीख माहीत नव्हती असं मला कुणी सांगू नये. रंगकामाच्या परिपत्रकावर सही त्यांचीच असणार. चेअरमनला दाखवायचं होतं, की बघा, आम्ही किती तातडीने पार्ट आणवला. बस. तेवढ्यासाठी.

चेअरमन आले, गेले. मेहरासाहेबांची बढती झाली. काही वर्षांनी एका उद्योगविषयक मासिकात त्यांची मुलाखत वाचली. 'कर्मचारी हेच आमचं कुटुंब', असा मथळा होता आणि शेजारी हसरा फोटो. हसताना ते अगदी ओळखू येत नव्हते.

सलीमला काढून टाकलं. कंपनीचा माल वाटेत सोडून दिला, असं कारण दिलं. ज्या माणसाने कस्टममध्ये ताटकळत उभं राहून पेटी सोडवली आणि सही घेऊन हवाली केली, त्याने माल सोडून दिला! मी चोप्रासाहेबांना म्हटलं, तुम्ही एक पत्र लिहा, फर्नांडिसच्या सहीची पावती जोडा. ते म्हणाले, "छोड़ो ना, शीला. तुम्हारी नौकरी बची है, इतना काफी है." ती बचावली होती खरी, पण मेहरासाहेबांच्या समाधानासाठी मला परदेशाच्या टेबलावरून उचलून तळघरात रेल्वे बुकिंगला बसवण्यात आलं. तिथे फोटोकॉपीचं यंत्र होतं, एक पंखा होता आणि गुडगावच्या काचेच्या इमारतीत काम करणाऱ्या पण विमान न परवडणाऱ्या माणसांची रांग होती. खरं सांगायचं तर ती माणसं बरी होती. अलाहाबादला किती तास लागतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असायचं, कारण ती उभ्याने जाऊन आलेली असायची.

सलीमबद्दल मात्र मला चैन नव्हतं. मी त्याला बातमी दिली याचा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. पण त्याची नोकरी गेली आणि माझी राहिली, हे काही मनाला पटत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी तो आला. मानेसरच्या खोलीतलं सामान न्यायला दिल्लीत आला होता. वर चौकशी केली तेव्हा कुणीतरी त्याला तळघरात पाठवलं. दाढी वाढलेली, हातात भडंगाची पिशवी. मी खुर्ची दिली.

"पोचलास ना रे वेळेवर?"

"पोचलो, ताई." तो बसला. "अब्बांनी डोळे उघडले. मला बघितलं. पहिला शब्द काय, तर 'ड्युटी सोडून आलास?'"

मला हसू आलं आणि त्यालाही.

"मालगाडीचे ड्रायव्हर ना. त्यांनी कधी गाडी मध्ये सोडली नाही. मी म्हटलं, रजा मिळालीय. तर म्हणाले, किती दिवसांची? म्हटलं, तुम्ही म्हणाल तितके. मग त्यांना बरं वाटलं. म्हणाले, कंपनी चांगली दिसते."

"आणि मग?"

"रमजानचा चाँद दिसेपर्यंत होते. सगळे म्हणत होते, आज जातील, उद्या जातील. गेले नाहीत. मी त्यांची दाढी करायचो, पेज भरवायचो. एवढं बोलले, ताई, जन्मात बोलले नव्हते. बहुतेक शिव्याच." तो जमिनीकडे बघत होता. "नोकरी गेल्याचं कळू दिलं नाही. रोज सांगायचो, साहेबांचा फोन होता, तुमची विचारपूस करत होते."

मला मेहरासाहेबांचा चेहरा आठवला आणि तोंडात शिवी आली. ती मी गिळली, कारण रांगेत बायका होत्या.

"आता काय करणार?"

"कोल्हापूरला एका फाउंड्रीत विचारलंय. पगार निम्मा आहे. पण शबाना एकटी राहायची नाही." त्याने खिशातून घडी घातलेला बुकिंगचा फॉर्म काढला आणि माझ्यापुढे ठेवला. निजामुद्दीन ते मिरज, एक प्रवासी. नाव, वय, सगळं नीट भरलेलं.

मी संगणकावर जागा बघितली. दिवस गर्दीचे होते. एक वरची बर्थ होती आणि एक खालची, पण ती दाराजवळची. मी म्हटलं, वरची घे, दाराजवळ रात्रभर लोक ये-जा करतात, पाय लागतात.

"खालचीच द्या, ताई," सलीम म्हणाला. "वर चढायचंही त्राण नाही, आणि लोकांचे पाय लागले तरी मला जाग येणार नाही. जर्मनीपासून मिरजेपर्यंत मी टक्क जागा होतो, आणि त्यानंतर घरीही रोज उशाशी बसून. आता वेळेत पोचायची घाई नाही. झोपून जातो."

मी त्याला खालची बर्थ दिली.